आठव्या हेन्रीच्या चित्राखाली काय छापावे: मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी नियतकालिके, दिवाळी अंक, इतिहासाची पुस्तके आणि कोश यांचे संपादक, अनुवादक व मांडणीकार यांना

स.न.वि.वि.

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीबद्दल मराठीत काही छापून आले की सोबत ते चित्र येते. पाय फाकवून उभा असलेला राजा, दारात मावणार नाहीत असे खांदे, उजव्या हातात हातमोजे, डावा हात कट्यारीच्या दोरीशी, आणि नजर सरळ वाचकावर. खाली ओळ असते: 'राजा आठवा हेन्री. चित्रकार: होल्बाइन.'

ही ओळ चुकीची आहे. हान्स होल्बाइनने हा राजा लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यातल्या एका भिंतीवर १५३७ साली रंगवला आणि तो राजवाडा ४ जानेवारी १६९८ रोजी जळून गेला. आपण छापता ते चित्र बहुधा लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीतले असते. ती त्या भिंतीवरून उतरत आलेली, दुसऱ्या कुणाच्या हातची प्रत आहे. होल्बाइनच्या स्वतःच्या हातचा आठवा हेन्री पाहायचा तर दोनच ठिकाणे आहेत: लंडनमधला एक मोठा कागद आणि माद्रिदमधली एक छोटी लाकडी फळी.

हे पत्र एका चित्राबद्दल आहे, पण मागणी साधी आणि सगळीकडे लागू पडणारी आहे. चित्राखाली राजाचे नाव छापता तसे वस्तूचेही नाव छापा. समोर दिसते ते भिंतचित्र आहे, कागद आहे, फळी आहे की नंतरची प्रत, हे वाचकाला कळू द्या. पोथ्यांच्या बाबतीत मराठी वाचकाला हे नवे नाही. मूळ संहिता हाती नसते, प्रती असतात, प्रतींत पाठभेद असतात आणि संपादक ते तळटीपेत नोंदवतो. व्हाइटहॉलच्या राजाचेही अगदी असेच आहे.

आधी मूळ भिंतीवर काय होते ते पाहू, कारण प्रतीत सगळ्यात मोठे नुकसान तिथेच झाले आहे.

भिंतीवर हेन्री एकटा नव्हता, चौघे होते. डाव्या बाजूला पुढे आठवा हेन्री आणि मागे पायरीवर त्याचा बाप सातवा हेन्री. उजव्या बाजूला पुढे राणी जेन सेमूर आणि मागे हेन्रीची आई, यॉर्कची एलिझाबेथ. मधोमध एक मोठा कोरीव दगड आणि त्यावर लॅटिन ओळी. त्या ओळी विचारतात, बाप थोर की मुलगा थोर? बापाने शत्रूंना हरवले, देशातली यादवी विझवली, प्रजेला शांतता दिली. मुलाने वेदीवरून नालायकांना दूर केले, पोपचा उद्दामपणा मोडला आणि धर्म पुन्हा नीट लावला. वाचणाऱ्याने काय उत्तर द्यावे हे ओळींतच ठरलेले आहे.

या ओळी त्या वर्षाशी घट्ट बांधलेल्या आहेत. १५३४ साली हेन्री इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला होता. १९ मे १५३६ रोजी आधीची राणी ॲन बोलिन हिचा शिरच्छेद झाला आणि ३० मे रोजी जेनशी लग्न. १२ ऑक्टोबर १५३७ रोजी जेनला मुलगा झाला, एडवर्ड. बारा दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, ती गेली. चित्रातले सासू-सासरे तेव्हा हयात नव्हते. एलिझाबेथ १५०३ मध्ये आणि सातवा हेन्री १५०९ मध्येच वारले होते. होल्बाइन इंग्लंडमध्ये पहिल्यांदा आला तो १५२६ साली, म्हणजे या दोघांना त्याने कधी पाहिलेच नव्हते. चित्र खासगी दालनात होते. तिथे येणारा माणूस दरबारातला, वजनदार आणि राजाच्या मर्जीतला. त्याला एकाच नजरेत पिढी, वंश आणि पोपशी झालेले भांडण दिसावे अशी ही रचना होती.

आता लिव्हरपूलची प्रत पाहा. बाप नाही, आई नाही, राणी नाही, दगड नाही, प्रश्नही नाही. उरला तो एकटा माणूस. आज 'हेन्री म्हणजे अहंकार' असे जे लेख लिहिले जातात ते या कापलेल्या चित्रावर उभे आहेत. मूळ चित्र घराण्याचे होते. लेखात घराण्याबद्दल, वारसाबद्दल किंवा धर्मसत्तेबद्दल मजकूर असेल तर लिव्हरपूलची प्रत त्या मजकुराला जुळत नाही. तिथे रेमिजियस व्हान लेम्पुटची छोटी प्रत छापायला हवी. राजा दुसरा चार्ल्स याने ती १६६७ साली करून घेतली. आग लागली त्याच्या ३१ वर्षे आधी. इंग्लंडच्या राजसंग्रहात ती आहे. चौघेही, दगडासह, फक्त तिच्यामुळे आपल्याला एकत्र दिसतात. माप मात्र ८८.९ × ९९.२ सेंटिमीटर, म्हणजे पुरुषभर उंचीची माणसे हातभर झालेली. रचनेसाठी ती विश्वासू आहे. दागिने, भरतकाम, चेहऱ्याची कातडी यांसाठी तिच्यावर विसंबू नये, कारण त्या मापात मोत्याचा ठिपका होतो.

होल्बाइनचा हात पाहायचा तर लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतल्या कागदाकडे जावे लागते. आणि इथे अनुवादकांना एक कळकळीची विनंती आहे. या कागदाला इंग्रजीत 'कार्टून' म्हणतात आणि मराठीत त्याचे 'व्यंगचित्र' होते. इटालियन भाषेत मोठ्या जाड कागदाला जो शब्द होता त्यावरून हे नाव आले. भिंतीवर किंवा फळीवर उतरवायच्या चित्राचा पूर्ण मापातला आराखडा, एवढाच त्याचा अर्थ. हसवणाऱ्या चित्राचा अर्थ त्याला १८४३ साली लंडनच्या 'पंच' साप्ताहिकापासून चिकटला, म्हणजे होल्बाइननंतर तीनशे वर्षांनी. आम्ही 'पूर्णाकार खाका' असे लिहितो. 'पूर्ण मापाचा आराखडा' लिहिले तरी चालेल. 'होल्बाइनने काढलेले राजाचे व्यंगचित्र' हे मात्र कुठल्याही परिस्थितीत नको.

हा खाका २५७.८ सेंटिमीटर उंच आणि १३७.२ सेंटिमीटर रुंद आहे. शाई आणि पाण्याचे रंग, कागदाचे अनेक ताव एकमेकांना जोडलेले. भिंतीचा फक्त डावा भाग यात उरला आहे, म्हणजे दोन्ही हेन्री. जेन आणि एलिझाबेथ यांचा भाग गेला. राजांच्या आकृती आणि चेहरे वेगळ्या कागदावर काढून, कापून, मागच्या तावांवर चिकटवले आहेत. यामागे कामाची सोय आहे. चेहरा हा सगळ्यात जोखमीचा भाग. तो बिघडला किंवा बदलावा लागला तर अडीच मीटरचा कागद फेकून द्यावा लागत नाही, तेवढा तुकडा बदलता येतो.

बाह्यरेषांवर सुईने टोचलेली बारीक भोके आहेत. ती का, हे समजले की चित्राखालची ओळ आपोआप नीट लिहिली जाते. साडीवर किंवा ब्लाउजवर कशिद्याची नक्षी उतरवणारे कारागीर आजही कागदावरची नक्षी सुईने टोचतात, कागद कापडावर ठेवतात आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा किंवा पांढऱ्या पुडीचा बोळा वरून फिरवतात. युरोपातल्या भिंतचित्राची पद्धत तीच, फक्त पूड कोरडी. कोळसा बारीक वाटून फडक्याच्या पुरचुंडीत बांधायचा, टोचलेला कागद भिंतीवर ठोकून बसवायचा, पुरचुंडीने हलके थोपटायचे. कागद काढला की भिंतीवर ठिपक्यांच्या ओळी. त्या ठिपक्यांना बारीक कुंचल्याने जोडायचे आणि उरलेली पूड झटकायची.

यात बिघडते काय तेही लक्षात घ्या. भोके दूर दूर असली तर वळण हरवते. नाकपुडी, पापणी, बोटांची टोके इथे भोके दाट लागतात आणि सरळ झग्याच्या कडेला विरळ चालतात. सुई टोचल्यावर कागदाच्या मागे खर उठते. ती घासून काढली नाही तर भोक बुजते आणि पूड पलीकडे जात नाही. पूड जाडसर असली तर ठिपका पसरतो, जास्त थोपटले तर ठिपक्यांचा डाग होतो. ताव जोडलेला असेल तिथे कागद दुप्पट जाड, म्हणून तिथे सुई जोर मागते. दमट हवेत कागद ताणतो आणि अडीच मीटरवर तो फरक डोळ्यांना दिसण्याइतका होतो. आणि सगळ्यात मोठे नुकसान असे की एकदा थोपटून झाले की कागद काळा पडतो.

लंडनचा खाका काळा पडलेला नाही. म्हणून अभ्यासकांचे मत असे की खाली दुसरा कोरा कागद ठेवून दोन्ही एकदम टोचले असावेत आणि भिंतीवर तो खालचा कागद वापरला असावा. खालच्याने मार खाल्ला, वरचा स्वच्छ राहिला आणि त्यामुळेच जपावासा वाटला. १५९० साली तो लॉर्ड लमली यांच्या संग्रहाच्या यादीत होता, पुढे डेव्हनशायरच्या ड्यूकांकडे आला आणि १९५७ साली करापोटी सरकारजमा होऊन गॅलरीत दाखल झाला. कामापुरत्या कागदाला एवढे आयुष्य क्वचितच मिळते.

आता यातला सगळ्यात रंजक पाठभेद. खाक्यात राजाचा चेहरा किंचित वळलेला आहे, तीन चतुर्थांश दिसणारा. लेम्पुटच्या प्रतीत आणि लिव्हरपूलच्या प्रतीत तो पूर्ण समोर पाहतो. शरीर तेच, पाय तेच, हात तेच, फक्त डोके फिरले. म्हणजे खाका झाल्यावर आणि भिंत रंगवून होण्याआधी निर्णय बदलला. चिकटवलेल्या चेहऱ्याची सोय इथे कळते. आमच्या मते हा बदल चित्र घडवणारा आहे. वळलेला चेहरा पाहणाऱ्याला चुकवतो, त्या माणसाकडे आपण निवांत पाहू शकतो. समोरचा चेहरा आपल्याला उभे करतो. मुकुट नाही, राजदंड नाही, सिंहासन नाही, आणि तरी दालनात शिरणाऱ्याला दबून जावे लागे. १६०४ साली कारेल व्हान मांडर या डच लेखकाने या चित्रासमोर माणसाला आपण काहीच नाही असे वाटते अशा अर्थाचे लिहिले, ते त्यामुळेच. हेन्री तेव्हा पंचेचाळीस-शेहेचाळीस वर्षांचा होता आणि जानेवारी १५३६ मध्ये भालाफेकीच्या खेळात नव्हे, तर घोड्यावरून भाले रोखून भिडण्याच्या खेळात चिलखतासकट खाली आदळला होता. अनुवादात हा खेळही हमखास चुकतो, म्हणून सांगितले.

दुसरी खात्रीची वस्तू माद्रिदच्या थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालयात आहे. लाकडी फळीवर तैलरंग, २८ × २० सेंटिमीटर, सुमारे १५३७. निळी पार्श्वभूमी, टोपीला पांढरे पीस, चेहरा खाक्यासारखाच किंचित वळलेला, चित्र छातीपर्यंतच. होल्बाइनच्या हातचे हेन्रीचे रंगवलेले व्यक्तिचित्र म्हणून निर्विवाद मानले जाते ते हेच. बारीक ओठ, लहान डोळे, पसरट गाल आणि वर इतके नाजूक जडावकाम की छपाईत ते निम्मे मरते.

हाती आलेले चित्र कोणते, हे मांडणीच्या टेबलावर एका मिनिटात ओळखता येते. रंग जवळजवळ नाहीत, मागे दुसरा राजा आहे, कागदाचे जोड दिसतात: लंडनचा खाका. चौघे आणि मधला दगड: लेम्पुट. एकटा राजा, पूर्ण उंची, पायाखाली तुर्की गालिचा, चेहरा समोर: लिव्हरपूल किंवा तिच्या भावंडांपैकी एक. छातीपर्यंत, निळी पार्श्वभूमी, चेहरा वळलेला: माद्रिद. 'भावंडे' म्हणायचे कारण पूर्ण उंचीच्या प्रती अनेक आहेत. इंग्लंडमधल्या पेटवर्थच्या वाड्यात आहे, चॅट्सवर्थच्या वाड्यात आहे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातली हान्स ईवर्थने १५६७ साली केली, म्हणजे राजाच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. ते कॉलेज हेन्रीने १५४६ साली स्थापन केले होते, तेव्हा संस्थापकाचे चित्र त्यांना हवेच होते. या प्रती एकमेकींपासून कपड्यांच्या रंगात आणि मागच्या पडद्यात वेगळ्या आहेत. म्हणून नुसत्या आठवणीवर 'लिव्हरपूल' लिहू नका, चित्र जिथून घेतले तिथली नोंद उघडून पाहा. माप जुळवून पाहणेही सोपे आहे. लिव्हरपूलची फळी २३९ × १३४.५ सेंटिमीटर आहे. उंचीला रुंदीने भागले की १.७८ यायला हवे. खाक्याला १.८८, माद्रिदला १.४ आणि लेम्पुटला ०.९. आकडा जुळला नाही तर चित्र तरी दुसरे आहे किंवा कुणीतरी आधीच कापलेले आहे.

उलटे छापलेले चित्रही ओळखता येते. हातमोजे राजाच्या उजव्या हातात, म्हणजे वाचकाच्या डावीकडे. ते उजवीकडे दिसले तर चित्र आरशातले झाले आहे. मजकुराकडे तोंड करून राजा उभा राहावा म्हणून चित्र पलटू नका.

पाय कापू नका, ही आमची मांडणीकारांना सगळ्यात आग्रहाची विनंती. एका स्तंभाच्या जागेत मावत नाही म्हणून गुडघ्यापासून खालचा भाग उडवला जातो. या चित्राची ताकद फाकलेल्या पायांवर तोललेल्या त्या त्रिकोणात आहे. पाय गेले की खांदे विनाकारण जाड दिसतात आणि चित्र लठ्ठपणाचे होते. जागा कमी असेल तर माद्रिदचे चित्र घ्या, ते मुळातच छातीपर्यंत आहे. शिवाय ए-४ मापाचे पान २९.७ × २१ सेंटिमीटर असते. म्हणजे मोठ्या मापाच्या अंकात हे चित्र जवळजवळ मूळ मापात छापता येते! ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) त्यासाठी २३६२ × ३३०७ पिक्सेल लागतात. यापेक्षा लहान फाइल ताणून मोठी केली तर टोपीवरचे दागिने सर्वांत आधी विरघळतात.

खाका छापताना कागदाचे जोड आणि डाग संगणकावर पुसू नयेत. ते जोडच सांगतात की ही वस्तू काय आहे. काळा-पांढरा फरक वाढवून रेषा 'उठावदार' करण्याचा मोहही टाळावा. शाईवर फिरवलेला रंगाचा पातळ हात त्यात जळून जातो आणि कुणी पेनाने गिरवल्यासारखे दिसू लागते.

तारखांची एक अडचण. जुन्या इंग्रजी लेखनात आगीची तारीख जानेवारी १६९७ अशी सापडते, कारण तेव्हा इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. दोन्ही एकच रात्र आहे. मराठीत १६९८ छापावे आणि एका लेखात एकच पद्धत ठेवावी. आगीत राजवाड्याचा बहुतेक भाग गेला, पण इनिगो जोन्सने बांधलेले बँक्वेटिंग हाउस वाचले आणि ते आजही उभे आहे. 'व्हाइटहॉल पूर्ण बेचिराख झाले' असे लिहू नये.

नावाबद्दलही. होल्बाइन दोन आहेत, दोघेही हान्स, दोघेही चित्रकार. बाप १५२४ साली वारला आणि इंग्लंडशी त्याचा संबंध नाही. राजाचा चित्रकार तो मुलगा: आउग्सबुर्गला जन्मलेला, बासेलला नाव कमावलेला, १५३२ पासून लंडनमध्ये, राजाकडून वर्षाला ३० पौंड पगार, १५४३ साली लंडनमध्येच मृत्यू. मराठीला थोरला-धाकटा लावायची सवय आहे, तेव्हा 'धाकटा हान्स होल्बाइन' लिहावे.

तयार ओळी देतो. त्या उचलून वापराव्यात, आमचे नाव नको.

लिव्हरपूलसाठी: 'आठवा हेन्री. धाकट्या हान्स होल्बाइनच्या व्हाइटहॉल भिंतचित्रावरून (१५३७, नष्ट १६९८) अज्ञात चित्रकाराने केलेली प्रत. फळीवर तैलरंग, २३९ × १३४.५ सें.मी. वॉकर आर्ट गॅलरी, लिव्हरपूल.'

खाक्यासाठी: 'आठवा हेन्री आणि सातवा हेन्री. धाकटा हान्स होल्बाइन, व्हाइटहॉल भिंतचित्राचा पूर्णाकार खाका, सुमारे १५३६-३७. कागदावर शाई व जलरंग, २५७.८ × १३७.२ सें.मी. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी, लंडन.'

लेम्पुटसाठी: 'व्हाइटहॉल भिंतचित्राची प्रत. रेमिजियस व्हान लेम्पुट, १६६७. कॅनव्हासवर तैलरंग, ८८.९ × ९९.२ सें.मी. राजसंग्रह, इंग्लंड.'

माद्रिदसाठी: 'आठवा हेन्री. धाकटा हान्स होल्बाइन, सुमारे १५३७. फळीवर तैलरंग, २८ × २० सें.मी. थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालय, माद्रिद.'

जागा फारच कमी असेल तर माप आणि माध्यम गाळा, पण 'प्रत' हा शब्द गाळू नका. 'होल्बाइन शैलीतील' हेही लिहू नका. शैली उचलणे वेगळे आणि एक विशिष्ट चित्र समोर ठेवून ते उतरवणे वेगळे. 'नक्कल' शब्दाला मराठीत फसवणुकीचा वास येतो, आणि हे काम फसवणुकीचे नव्हते. दरबारी घराणी राजनिष्ठा दाखवायला राजाचे चित्र घरी लावत, आणि चांगली प्रत करून घ्यायला पैसे मोजत.

ज्यांच्या अंकात किंवा पुस्तकात जुनी ओळ छापून गेली आहे, त्यांनी पुढच्या अंकात किंवा पुढच्या आवृत्तीत दोन ओळींची दुरुस्ती द्यावी. संकेतस्थळावर तर ती आजच करता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
युरोपीय चित्रकलेचे काही अभ्यासक, व्यक्तिचित्रकार आणि छपाईच्या कामातले सहकारी